अर्लीनबाई आणि पुढची दोन वर्षं

फोनवर त्या गप्प झाल्या की लाइन तुटली असं वाटायचं. पहिल्यांदा बोललो तेव्हा मी दोन-तीनदा "हॅलो, हॅलो" केलं. शेवटी पलीकडून शांत आवाज आला, "मी आहे. तुम्ही जे बोललात त्यावर विचार करतेय."

ती माझी मुलाखत होती. शॉमबर्गमधल्या कंपनीने आमची अख्खी टीम काढून टाकली होती. व्हिसा टिकवायचा तर दुसरी नोकरी ताबडतोब हवी होती, आणि त्या वर्षी सगळीकडेच नोकऱ्या आटल्या होत्या. माझ्याकडे नागपूरची गणितातली एम.एस्सी. होती. डकोटातल्या एका रिझर्वेशनवर, म्हणजे तिथल्या मूळ जमातीच्या राखीव भूमीवर, जमातीने स्वतः चालवलेलं एक लहानसं कॉलेज होतं, आणि त्यांना गणित शिकवणारा माणूस मिळत नव्हता. अर्लीनबाई तिथल्या डीन. त्यांनी मला गणितातलं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, किती हिवाळे राहाल? मी दोन तरी राहीन म्हणालो. पुन्हा ती शांतता. मग म्हणाल्या, "बरं. बहुतेक जण पाच सांगतात आणि एकात जातात."

निघायच्या आधी शॉमबर्गमध्ये एका मित्राकडे जेवण होतं. पुण्या-मुंबईचे सगळे जमले होते. तिथे एक जण हसत हसत म्हणाला, "शेवटी रिझर्वेशनमध्येच गेलास की यार." सगळे हसले. सुनीताने, माझ्या बायकोने, माझ्याकडे पाहिलं आणि ताटातला भात चिवडत बसली. इंजिनीअरिंग कॉलेजपासून ऐकत आलेलं वाक्य होतं ते. फक्त अमेरिकेत ते ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

पुढे एकदा मी हे अर्लीनबाईंना सांगितलं. आमच्या समाजाला शिक्षणात आणि नोकरीत जागा राखून ठेवलेल्या असतात, त्यालाही आमच्याकडे हाच शब्द आहे, आणि तो टोमणा म्हणून वापरतात, हेही सांगितलं. त्यांनी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाल्या, "आमच्याकडे तो शब्द जमिनीचा आहे. तुमच्याकडे?"

"जागेचा," मी म्हणालो. "बसायच्या जागेचा."

"मग बसा," त्या म्हणाल्या आणि समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

त्या स्वतः मात्र क्वचितच बसायच्या. पन्नाशीच्या, उंच, पाठीवर करड्या केसांची एक वेणी, अंगात कुणातरी पुरुषाचा जुना कोट. मीटिंगमध्ये सगळे टेबलाभोवती बसलेले आणि त्या हीटरला पाठ टेकून उभ्या, थर्मासच्या झाकणातून काळी कॉफी पीत. इंग्रजीत तू आणि तुम्हीचा प्रश्न नसतो, सगळे त्यांना नुसतं अर्लीन म्हणत. मी तोंडाने तेच म्हणायचो, पण मनात त्या पहिल्या दिवसापासून अर्लीनबाईच होत्या. पहिल्या मीटिंगमध्ये त्यांनी माझी ओळख अशी करून दिली: "तो दर्यावर्दी ज्यांच्या शोधात निघाला आणि चुकून आमच्याकडे येऊन धडकला, ते इंडियन आज पोचले आहेत. थोडा उशीर झाला आहे, पण गणित शिकवतील." चेहऱ्यावर सुरकुतीही हलली नाही. हसावं की नाही हे कळायला मला पूर्ण एक हिवाळा लागला.

आमचं कॉलेज दोन वर्षांचं होतं. दोन वर्षं झाली की असोसिएट डिग्री मिळायची, आणि पुढची दोन वर्षं करायची तर राज्याचं मोठं विद्यापीठ गाठावं लागायचं, गाडीने दोन-अडीच तास, तेही रस्ता कोरडा असला तर. आमचे विद्यार्थी म्हणजे बहुतेक बायका, पंचविशी-तिशीच्या, पदरात पोरं. पोरं वर्गातच असायची. मी फळ्यावर समीकरण मांडत असताना एखादं बाळ बाकाखाली रांगत असायचं. दरवर्षी काही जणी मोठ्या विद्यापीठात जात आणि दरवर्षी त्यांतल्या बहुतेक परत येत. कुणी काही बोलत नसे. एक दिवस त्यांतली एखादी किराणा दुकानाच्या काउंटरवर उभी दिसायची, एवढंच.

डॅना तशीच परत आली. डॅना म्हणजे अर्लीनबाईंच्या थोरल्या भावाची, लिओनर्डची मुलगी. माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार. तिला प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हायचं होतं. जानेवारीत ती परत आल्याचं कळलं तेव्हा अर्लीनबाई मला म्हणाल्या, चला. त्यांचा जुना पिकअप ट्रक घेऊन आम्ही लिओनर्डच्या घरासमोर जाऊन उभे राहिलो. मी दार उघडून उतरायला लागलो तर त्यांनी मला थांबवलं. आपण आलोय हे त्यांना दिसतंय, त्या म्हणाल्या. बाहेर यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. हीटर चालू ठेवून आम्ही बसून राहिलो. बाहेर वाऱ्याने रस्त्यावरचा बर्फ सरपटत होता. पडदा एकदा हलला. मला ते बसणं असह्य होत होतं, पण त्या शांत होत्या.

अखेर डॅना बाहेर आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली. समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "आत्या, मी नापास झालेले नाही. मी फक्त परत आले."

एवढंच बोलली. बाकीचं हळूहळू कळलं. दोन मुलांना सांभाळायला तिथे कुणी नव्हतं. एकदा मुलाला वर्गात नेलं तर बाहेर जायला सांगितलं. वर्गात तिच्या लोकांविषयी विषय निघाला की सगळे माना वळवून तिच्याकडे बघायचे, एरवी कुणी बघायचं नाही. परत येताना त्या संध्याकाळी अर्लीनबाई ट्रक चालवत होत्या, आणि निम्मा रस्ता झाल्यावर म्हणाल्या की पुढची दोन वर्षं इथेच आणायची. मला वाटलं त्या मनातलं बोलताहेत. नंतर कळलं की त्या मला कामाला लावत होत्या.

चार वर्षांची पदवी, प्राथमिक शिक्षकांची, आपल्याच कॉलेजात. कागदावर सोपं होतं. त्यासाठी आधी जमातीच्या कौन्सिलची परवानगी हवी होती, आणि मग बाहेरच्या मान्यता समितीची. कौन्सिलमध्ये लिओनर्ड होता.

ती बैठक मला अजून आठवते. कम्युनिटी हॉल भरला होता. अर्लीनबाईंनी नेहमीप्रमाणे उभं राहून, हळू, थांबत थांबत सगळं मांडलं. लिओनर्ड बसूनच बोलला. तो अडाणी किंवा दुष्ट माणूस नव्हता. दिवसभर शाळेचा बॉयलर सांभाळायचा आणि आजारी शेजाऱ्यांना स्वतःच्या गाडीने दवाखान्यात न्यायचा. त्याचं म्हणणं होतं की वेल्डिंग शिकवा, सुतारकाम शिकवा, ज्याने उद्या पगार येईल ते शिकवा. सरकारी अनुदान आज आहे, उद्या नसेल, आणि पोरं मधेच लटकतील. मग तो बहिणीकडे बघून म्हणाला, "चार वर्षं शिकलेला माणूस इथे राहात नाही. तू स्वतः किती वर्षं बाहेर होतीस?"

 त्या इतका वेळ गप्प राहिल्या की मला फोनवरची ती पहिली शांतता आठवली.

"आई गेली तेव्हाही मी बाहेरच होते," त्या म्हणाल्या. "म्हणून तर सांगतेय, त्यांना बाहेर जायला लावू नका."

लिओनर्ड म्हणाला, "ठीक आहे. पण माझ्या मुलीला यात ओढू नकोस. तिला एकदा परत यावं लागलंय. पुन्हा तसं झालं तर ती उठणार नाही."

ठराव जेमतेम एका मताने पास झाला. त्या दिवसापासून लिओनर्ड बहिणीशी बोलेनासा झाला. आणि डॅनाने बापाचं न ऐकता, दुकानातली नोकरी सोडून, मान्यता मिळायच्या आधीच तिसऱ्या वर्षाच्या वर्गात नाव घातलं. तिच्यासारख्या आणखी काही जणी होत्या. मान्यता आली नसती तर त्यांनी केलेल्या अभ्यासाला बाहेर कुणी विचारलं नसतं. हे अर्लीनबाईंना माहीत होतं. त्या वर्षी त्यांची कॉफी वाढली आणि बोलणं आणखी कमी झालं.

आमच्या घरी मात्र त्या येऊन बसायच्या. सुनीताने केलेलं पिठलं त्यांना आवडायचं. सायलीला, माझ्या मुलीला, आम्ही त्यांना मावशी म्हणायला शिकवलं होतं. त्यांनी अर्थ विचारला. आईची बहीण, सुनीता म्हणाली. आमच्यात तिला आईच म्हणतात, अर्लीनबाई म्हणाल्या, आणि मग सायलीला गंभीरपणे सांगितलं की तुला दोन आया झाल्या आहेत, तेव्हा दुप्पट बोलणी बसतील. सायली इंग्रजीत म्हणाली की हे फेअर नाही. त्यावर त्यांचं म्हणणं पडलं की हे मात्र खरं.

मान्यता समिती शरद ऋतूत आली. तीन माणसं, नीटनेटकी, सभ्य. दोन दिवस त्यांनी वर्ग बघितले, लायब्ररी बघितली, विद्यार्थिनींशी बोलले. सगळं बरं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची बैठक. कॉलेजचे अध्यक्ष, अर्लीनबाई, मी आणि आणखी दोन शिक्षक. समितीच्या प्रमुख बाईंनी विचारलं, या नव्या विभागाचं नेतृत्व कोण करणार?

"मी," अर्लीनबाई म्हणाल्या.

बाईंनी चष्मा काढला. विभागप्रमुखाकडे डॉक्टरेट असणं अपेक्षित आहे, त्या म्हणाल्या. आपल्याकडे एम.ए. आहे असं दिसतं.

अध्यक्ष पटकन म्हणाले, "त्यांचं पीएच.डी.चं चालू आहे. नाव घातलेलं आहे."

मला माहीत होतं की तसं काही नाही. इतर शिक्षकांनाही माहीत होतं. आम्ही सगळे टेबलाकडे बघत बसलो. एक होकार दिला असता तर पुढचा प्रश्न आला असता आणि बैठक संपली असती. बाहेर कॉरिडॉरमध्ये डॅना आणि तिच्या मैत्रिणी पाहुण्यांसाठी केलेलं सूप भांड्यांत भरत होत्या. त्यांचा आवाज आत येत होता.

"नाही," अर्लीनबाई म्हणाल्या. "मी कुठेही नाव घातलेलं नाही."

समितीच्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. अध्यक्षांचे कान लाल झाले. बैठक संपल्यावर ते अर्लीनबाईंना भिंतीशी गाठून दबक्या आवाजात बोलत राहिले: उद्या नाव घातलं असतंस तर ते खरंच झालं असतं, मुलींचा काही विचार केलास का. त्या ऐकून घेत होत्या. नंतर मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो तेव्हा मीही तेच विचारलं, थोड्या सभ्य शब्दांत. त्या म्हणाल्या की खोटं पकडलं गेलं असतं तर यापुढे आपण पाठवलेल्या प्रत्येक कागदाकडे लोकांनी तसंच बघितलं असतं, आणि डॅनाच्या डिग्रीकडेही. मला ते पटलं. पण थर्मास ट्रकच्या टपावर ठेवून त्या तशाच निघाल्या, मला हाक मारून थांबवावं लागलं.

निकाल यायला हिवाळा उलटला. त्या काळात डॅना माझ्या वर्गात समोरच बसायची आणि मान वर करायची नाही. लिओनर्ड कॉलेजच्या बॉयलरचं काम करायला आला की डीनच्या खोलीवरून मान फिरवून जायचा. मग पत्र आलं. मान्यता मिळेल, पण येत्या सत्रापासून विभागप्रमुख डॉक्टरेट असलेली व्यक्ती हवी. अर्लीनबाईंनी सुट्टी घेऊन पीएच.डी. करायची म्हटलं तर तीन-चार वर्षं गेली असती, आणि मुलींचा वर्ग तोवर थांबला असता.

त्या आठवडाभर कॉलेजात आल्या नाहीत. रविवारी मी माझी गाडी घेऊन त्यांच्या घरासमोर जाऊन थांबलो आणि उतरलो नाही. बऱ्याच वेळाने त्या दोन कप घेऊन बाहेर आल्या आणि शेजारी बसल्या. शिकलात म्हणायचं, त्या म्हणाल्या.

मग गाडीतच त्यांनी सांगितलं की जाहिरात दिली आहे, मिनेसोटाच्या एका बाईचा अर्ज चांगला आहे, त्यांना घ्यायचं. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागलो तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "मला वाईट वाटतंय असं समजू नका," त्या म्हणाल्या. "मला राग आलाय. पोरींना मी सांगत आले, की तुम्ही कुठे कमी नाही. आणि स्वतःवर आलं तेव्हा मला एका कागदाने बाहेर काढलं. हे त्यांना काय म्हणून समजावू?"   कॉफी संपेपर्यंत आम्ही समोरच्या कुंपणाकडे बघत बसलो.

मिनेसोटाच्या कॅरलबाई आल्या. भल्या होत्या, मेहनती होत्या. अर्लीनबाई त्यांच्याशी चांगलं वागल्या असं मी म्हणू शकत नाही. डीनपदही सोडून त्यांनी पहिल्या वर्षाच्या कच्च्या मुलांचा वाचन-लेखनाचा वर्ग घेतला, आणि कॅरलबाईंचा उल्लेख त्या 'डॉक्टर' असा करायच्या, अशा आवाजात की ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं व्हावं. कॅरलबाई इथल्या कुटुंबांची नावं चुकीची उच्चारायच्या. अर्लीनबाई शेजारी उभ्या असून दुरुस्त करायच्या नाहीत. मला ते खटकायचं. एकदा सुनीताजवळ मी तसं बोललो, तर ती म्हणाली, तुमच्या जागेवर कुणाला आणून बसवलं असतं तर तुम्ही काय लाडू वाटले असते?

शेवटच्या वर्षी डॅनाची आजी, आईची आई, वारली. त्यांच्यात चार-चार दिवस माणसं मृताजवळ बसतात, सगळं घर तिथेच असतं. डॅनाचं तेव्हा शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचं सत्र चालू होतं. नियमापेक्षा जास्त दिवस बुडाले, आणि कॅरलबाईंनी तिला पत्र दिलं की हे सत्र धरलं जाणार नाही, पुढच्या वर्षी पुन्हा करावं लागेल. डॅनाने ते पत्र मला दाखवलं. ती रडत नव्हती. म्हणाली, सर, बाबा म्हणाले होते तसंच झालं.

मी अर्लीनबाईंना सांगितलं. त्या वर्गातून तशाच उठल्या, हातात खडू होता, आणि कॅरलबाईंच्या खोलीत जाऊन दार लावलं. मी इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता; तो दिवस पहिला. मग कॅरलबाईंचाही आवाज चढला. मग दोन्ही आवाज बंद झाले आणि खूप वेळ काहीच ऐकू येईना. कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघं-तिघं उगाच रेंगाळत होतो. दार उघडलं तेव्हा कॅरलबाईंचे डोळे लाल होते. डॅनाने बुडालेले दिवस सत्राच्या शेवटी भरून काढायचे असं ठरलं होतं. आत काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही. पण त्यानंतर अर्लीनबाई त्यांना कॅरल म्हणू लागल्या, आणि पुढच्या आठवड्यात मी त्या दोघींना कॉरिडॉरमध्ये पाहिलं: अर्लीनबाई एक आडनाव सावकाश उच्चारत होत्या आणि कॅरलबाई त्यांच्यामागे पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

पदवीदानाचा समारंभ जिममध्ये झाला. त्या वसंतात सुनीताला दूर दक्षिणेला, प्लेनोमध्ये नोकरी लागली होती, आमचं सामान बांधून झालं होतं; फक्त या समारंभासाठी थांबलो होतो. अध्यक्षांनी अर्लीनबाईंना स्टेजवर बसायला बोलावलं होतं. त्या गेल्या नाहीत. घरच्या लोकांत, वरच्या बाकांवर, कुणाचं तरी बाळ मांडीवर घेऊन बसल्या. डॅनाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ढोल वाजायला लागला आणि माझ्या पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं एकेक करून उभी राहिली. लिओनर्ड खाली आला. त्याने आणलेलं नवं ब्लँकेट, तिथे मान म्हणून पांघरतात तसं, मुलीच्या खांद्यांवर टाकलं, पण ते घसरत होतं, त्याला नीट जमेना. डॅनाने त्याचे दोन्ही हात धरून ते नीट केलं. मी वर पाहिलं. अर्लीनबाईंनी बाळाच्या डोक्यावर तोंड टेकलं होतं, चेहरा दिसत नव्हता.

जेवणं झाली. निरोप घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझा हात हातात घेतला, तिथे घेतात तसा, न दाबता, हलका. म्हणाल्या, "दोन म्हणाला होतात. बरेच जास्त झाले."  सायलीने त्यांना मिठी मारली.

गाडी पार्किंगमधून काढताना जिमचं मागचं दार उघडं होतं. लोक पांगले होते, खुर्च्या-टेबलं आत न्यायचं काम उरलं होतं. एका लांब टेबलाचं एक टोक लिओनर्डने धरलं होतं आणि दुसरं अर्लीनबाईंनी. गाडीची काच वर होती, त्यामुळे तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पण तो बोलला. अर्लीनबाईंनी आपलं टोक खाली ठेवलं, टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ गेल्या, आणि त्याच्या दंडावर एक जोराचा गुद्दा मारला, लहान बहीण मारते तसा. तो दंड चोळत हसत उभा राहिला. मग त्या परत आपल्या जागी गेल्या आणि दोघांनी टेबल उचललं.